जुना गार्डन ट्रॅक्टर: हिवाळ्यात जड हवा, उन्हाळ्यात हलका

इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कुणी सेकंडहँड गार्डन ट्रॅक्टर (घरच्या अंगणातलं गवत कापायचा आणि स्नो काढायचा छोटा ट्रॅक्टर) घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, किती हॉर्सपॉवरचा? माझं म्हणणं, ते नंतर विचारा. आधी विचारा वजन किती आणि त्यातलं मागच्या चाकांवर किती पडतं, कारण स्नो ढकलताना इंजिनची ताकद संपायच्या कितीतरी आधी टायर जागच्या जागी गरगर फिरायला लागतात.

आणि जुन्या ट्रॅक्टरचं माहेर म्हणाल तर हेच राज्य. जॉन डिअरचा पहिला गार्डन ट्रॅक्टर, 110, हा 1963 साली हॉरिकॉनच्या कारखान्यातून निघाला, सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स दोघंही पोर्ट वॉशिंग्टनचे, आणि यातल्या बऱ्याच मशीनवर बसलेलं कोहलरचं ओतीव लोखंडाचं इंजिन शबॉयगनजवळच्या कोहलर गावच्या कंपनीचं. (कब कॅडेट मात्र बाहेरचा, इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये आणलेला, आणि त्याचे भक्त हे वाचून चिडणार हे मला माहितीये.) त्या काळी पत्रा जाड, अ‍ॅक्सल जाड, सगळंच जाड, त्यामुळे 1980 च्या दशकातला मोठा गार्डन ट्रॅक्टर सहज 400 किलोच्या आसपास भरतो आणि आज दुकानात मिळणारा साधा लॉन ट्रॅक्टर त्याच्या जेमतेम निम्मा. गवत कापायला नवा पुरतो हो, पण स्नोचं गणित वेगळं.

ते गणित करूनच बघू. 400 किलोचा ट्रॅक्टर, वर 80 किलोचा माणूस, त्यातलं मागच्या चाकांवर समजा 300 किलो. दाबलेल्या स्नोवर रबराची पकड वजनाच्या साधारण पाचव्या भागाएवढी, म्हणजे ढकलायला जोर मिळणार 60 किलोचा, बस. चालण्याच्या वेगाने, सेकंदाला एक मीटर, एवढा जोर लावायला 600 वॅट लागतात, म्हणजे एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही! गिअर, बेल्ट, टायर यांच्यात वाया जाणारं धरलं तरी 12 हॉर्सपॉवरचं इंजिन आरामात बसलेलं असतं आणि तुम्ही बर्फावर अडकून शिव्या देत असता. नुसत्या गुळगुळीत बर्फावर तर पकड दहाव्या भागावर येते, मग विचारूच नका.

म्हणून हिवाळ्याआधी वजन चढवायचं. चाकाला बोल्टने लागणारी लोखंडी वजनं असतात, प्रत्येकी 20-25 किलोची, आणि शिवाय टायरमध्ये पातळ पदार्थ भरतात. पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायचे, ते गोठत नाही पण रिम खाऊन टाकतं, आता लोक बीटच्या साखर कारखान्यातून निघणारा काळसर चिकट रस भरतात, आपल्याकडच्या मळीचाच भाऊबंद, जड पण आणि गंजही नाही. दोन्ही मागच्या टायरमध्ये मिळून सत्तरेक किलो मावतो. यातली मजा अशी की चाकावरचं आणि टायरमधलं वजन थेट जमिनीवर जातं, अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर त्याचा भार येतच नाही. त्यावर साखळ्या घाला, शक्यतो आडव्या पट्ट्या जवळजवळ असलेल्या, म्हणजे एक ना एक पट्टी कायम जमिनीत रुतलेली राहते. साध्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरमध्ये, एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच फुसका जोर मिळतो, त्यामुळे साखळी एकाच चाकाला घालून काही उपयोग नाही.

आता पुढे काय लावायचं, ब्लेड (स्नो ढकलायचं रुंद पातं) की स्नो थ्रोअर. ब्लेड स्वस्त, कमी कटकटीचं, डिसेंबरमध्ये त्याच्यासारखं सुख नाही. पण फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाजूला कंबरेएवढे ढीग झालेले असतात आणि मग ढकलायचं कुठे? तिथे थ्रोअर लागतो, तो उडवून पलीकडे टाकतो. मात्र तो खरंच पॉवर खातो, आणि आणखी एक गोष्ट लोक विसरतात. 90 किलोचा थ्रोअर पुढच्या अ‍ॅक्सलच्या 60 सेंटीमीटर पुढे लटकतो. पुढची आणि मागची चाकं साधारण 115 सेंटीमीटर लांब, तर थ्रोअर उचलल्याबरोबर मागच्या चाकांवरचं जवळपास 47 किलो वजन गायब, साधा तरफेचा नियम. त्यामुळे थ्रोअरवाल्याने मागे, अ‍ॅक्सलच्याही मागे, वजनाची पेटी टांगायलाच हवी.

स्नो स्नोमध्येही फरक आहे बरं का. थंडीत पडलेला भुसभुशीत स्नो घनमीटरला 50 ते 100 किलो, मार्चमधला ओला 300 च्या पुढे. म्हणजे 20 मीटर लांब 5 मीटर रुंद ड्राइव्हवेवर 15 सेंटीमीटर पडला तर कधी सव्वा टन, कधी साडेचार टन. ओला स्नो थ्रोअरच्या चिमणीत, म्हणजे ज्या नळीतून तो बाहेर उडतो तिच्यात, चिकटून बसतो, म्हणून आत सिलिकॉनचा स्प्रे मारून ठेवायचा, इंजिन फुल रेसवर ठेवायचं आणि ट्रॅक्टर हळू घ्यायचा. तरी चोंदलंच तर इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि काठीने काढायचं. हात घालायचा नाही म्हणजे नाही, इंजिन बंद असलं तरी ताणलेल्या बेल्टमुळे अडकलेलं पातं सुटताना झटका देतं आणि बोटं तिथेच जातात. तसंच थ्रोअरच्या स्नो आत ओढणाऱ्या स्क्रूवरचा बोल्ट मुद्दाम कच्चा दिलेला असतो, दगड अडकला की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. तिथे "मजबूत" बोल्ट बसवणारे महाभाग आहेत, त्यांना नंतर गिअरबॉक्स शोधत फिरावं लागतं.

उणे 18 अंशात स्टार्ट करायचा तर ऑइलकडे बघा. जुन्या कोहलर के सिरीजमध्ये ऑइल पंप नसतो, कनेक्टिंग रॉडच्या खालचा छोटा दांडा ऑइलमध्ये बुडून शिंतोडे उडवतो आणि त्यावरच सगळं चालतं. उन्हाळ्याचं 30 नंबरचं ऑइल थंडीत काकवीसारखं होतं, ते उडणार काय? हिवाळ्यात 5डब्ल्यू-30 सारखं पातळ ऑइल भरा. बॅटरीची ताकदही या थंडीत निम्म्याच्या आसपास येते, आणि उतरलेली बॅटरी तर उणे दहाच्या आसपास आतून गोठून फुटू शकते, पूर्ण चार्ज असेल तर उणे 50 लाही काही होत नाही. स्पार्क येत नसेल तर झाकण काढून पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणारे छोटे संपर्क, बघा. इलेक्ट्रॉनिक यायच्या आधीची बजाज ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको, तोच प्रकार, पॉलिश पेपर फिरवायचा आणि फट अर्ध्या मिलिमीटरची ठेवायची.

एप्रिलमध्ये सगळं उलटं. साखळ्या आणि लोखंडी वजनं उतरवायची, नाहीतर स्नो वितळून मऊ झालेल्या जमिनीत चाकोऱ्या पडतात, माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही. टायरमधला रस कुणी काढत बसत नाही, तेवढं चालतं, फक्त जमीन वाळेपर्यंत धीर धरा. मोअरच्या, म्हणजे खालच्या गवत कापायच्या यंत्राच्या, पात्यांना धार लावताना खिळ्यावर मध्यभागी टांगून तोल बघायचा, जड बाजू खाली जाते, तिकडचं थोडं आणखी घासायचं. इथल्या सेफ्टी स्टँडर्डप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांपर्यंत चालतो, म्हणजे ताशी जवळपास 350 किलोमीटर, त्या वेगाला थोडा असमतोलही बेअरिंग खातो. आणि हा वेग उगाच नाही, पात्याची मागची वळलेली कड त्यामुळेच हवा वर खेचते आणि आडवं पडलेलं गवत उभं राहतं. इंजिन हळू ठेवून कापाल तर गवत कापण्याऐवजी नुसतं फाटतं.

आणि पहिल्यांदा कापायला काढण्याआधी इंजिनवरचा पत्रा उघडायचाच. चार-पाच बोल्ट असतात फक्त. हिवाळ्यात उंदीर तिथे घर करतो, कुत्र्याचे केस, भिंतीतला गुलाबी फायबरग्लास, सीट कुरतडून आणलेला फोम, सगळं सिलेंडरच्या पाकळ्यांमध्ये घट्ट ठासलेलं. ही इंजिनं फक्त हवेने थंड होतात, रेडिएटर नाही आणि बहुतेकांवर तापमानाचा काटाही नाही, त्यामुळे जुलैच्या उन्हात हेड तापून वाकेपर्यंत कळणारही नाही. पेंटब्रशने पाकळ्या मोकळ्या करा, पंख्यावरची जाळी साफ करा, आणि सिलेंडरभोवतीचे सगळे पत्रे परत लावा. हवा जास्त लागेल म्हणून पत्रे काढूनच चालवणारे भेटतात, पण पंख्याची हवा पाकळ्यांपर्यंत नेतात ते हेच पत्रे.