सुएझ कालव्याचे दुपदरीकरण

सुएझ कालव्याचे दुपदरीकरण : भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र यांना जोडणाऱ्या ईजिप्तमधील कालव्यातून दोन्ही दिशांची जहाजे एकाच वेळी जाऊ शकावीत, यासाठी टप्प्याटप्प्याने झालेली कामे. रस्त्याच्या दुपदरीकरणापेक्षा याचा अर्थ वेगळा आहे. मोठी जहाजे एकाच पात्रात समोरासमोरून नेली जात नाहीत. मूळ पात्राशेजारी दुसरे पात्र खोदतात आणि दोन्ही पात्रे एकेरीच राहतात.

याचे कारण पाण्याच्या वागणुकीत आहे. अरुंद पात्रात जहाज पुढे सरकते तेव्हा त्याने सारलेले पाणी दोन्ही बाजूंनी वेगाने मागे वाहते. त्यामुळे जहाजाभोवतीची पातळी खाली जाते आणि जहाज तळाकडे दबते. ते एका काठाच्या जवळ गेले, तर मागचा भाग काठाकडे ओढला जातो व नाळ (जहाजाचा पुढचा निमुळता भाग) उलट दिशेला वळते. समोरून दुसरे जहाज आले, की आधी दोन्ही नाळा एकमेकींपासून ढकलल्या जातात आणि मग मागचे भाग परस्परांकडे खेचले जातात. सुमारे 59 मी. रुंदीच्या कंटेनर जहाजावर वाऱ्याचा दाबही मोठा असतो. म्हणूनच वेग ताशी 14–16 किमी.च्या आसपास ठेवतात. पात्र दुप्पट रुंद केले, की वाहतूक दुप्पट होईल हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसऱ्या कालव्याची कल्पना बहुधा 1883 मधील ब्रिटिश सरकार व मूळ कालवा उभारणारे फ्रेंच फेर्दिनां द लेसेप्स यांच्या वाटाघाटींशी जोडली जाते. त्या ब्रिटिश जहाजमालकांच्या विरोधामुळे बारगळल्या व पुढे रुंदीकरणाचा मार्ग पत्करण्यात आला. तथापि 1869 च्या मूळ कालव्यातही समोरची जहाजे जाऊ देण्यासाठी बाजूला थांबण्याच्या जागा ठेवल्या होत्या. तळाशी जेमतेम 22 मी. रुंद असलेल्या त्या पात्रात दुसरा उपाय नव्हता. म्हणून हा प्रश्न कालव्याइतकाच जुना मानणे अधिक योग्य वाटते. 1887 पासून विजेच्या दिव्यांवर रात्रीही वाहतूक सुरू झाली व गर्दीचा ताण काही काळ हलका झाला.

बल्लाह येथील बगलकालवा (मूळ पात्राशेजारून जाऊन पुन्हा त्यालाच मिळणारे दुसरे पात्र) साधारणतः 1950 च्या सुमाराचा. पोर्ट सैद, तिमसा सरोवर व देव्हरस्वार येथील बगलमार्ग 1980 च्या विस्तारात आले. तरीही दक्षिणेकडे जाणाऱ्या ताफ्यांना बल्लाह किंवा ग्रेट बिटर सरोवरात नांगर टाकून थांबावे लागे.

ऑगस्ट 2014 मध्ये जाहीर झालेला व 6 ऑगस्ट 2015 रोजी खुला झालेला प्रकल्प एकूण 72 किमी.चा होता : 35 किमी. नवे पात्र व 37 किमी. जुन्या मार्गांचे खोलीकरण-रुंदीकरण. वरची वाळू कोरडी उपसता आली. भूजल लागल्यावर मात्र जगभरातून गाळउपसा जहाजे आणावी लागली. खोदाईइतकीच कठीण होती ती कालवा ओलांडणारी कामे. कालव्याच्या पूर्वेकडील सिनाई द्वीपकल्पाला नाईलचे पाणी नेणारी वाहिनी नव्या पात्राखालून न्यावी लागली. अल फरदानच्या फिरत्या रेल्वे पुलापलीकडे नवे पात्र आल्याने सिनाईचा रेल्वेमार्ग तुटला व दुसरा पूल आवश्यक ठरला.

2023 पर्यंत दररोज 97 जहाजांचे उद्दिष्ट होते. वार्षिक संख्या 2008 मध्येच 21,415 होती, 2014 मध्ये ती 17,148 वर आली होती. खरी उणीव मालाची होती, क्षमतेची नव्हती, असे म्हणणाऱ्यांचे मत या आकड्यांशी अधिक जुळते. प्रतीक्षेचे तास मात्र कमी झाले, हे मान्य करावे लागते.

सुएझ शहराकडील टोक दुपदरी झाले नाही. येथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरकस असतो, शालुफजवळ मूळ खोदाईतच खडक लागला होता. 23 मार्च 2021 रोजी 400 मी. लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज याच एकेरी भागात आडवे होऊन रुतले. त्यावरील 25 खलाशी भारतीय होते. सहा दिवस वाहतूक बंद राहिली. त्यानंतर लिटल बिटर सरोवरात दुसरे पात्र 10 किमी. वाढवण्यात आले. त्यापुढील 30 किमी. भाग आणखी 40 मी.ने रुंद व 72 फुटांपर्यंत खोल करण्याचे ठरले. हा भाग रुंद होऊनही एकेरीच आहे.

तांबड्या समुद्रातील जीव कालव्यातून भूमध्यात पसरतात, त्यास लेसेप्सीय स्थलांतर म्हणतात. बिटर सरोवरांच्या तळाशी असलेल्या मिठाच्या थरामुळे तेथील पाणी अतिखारट होते व तोच जिवांना अडसर ठरे. मीठ विरघळत गेले, पात्र खोल होत गेले, तसा हा अडसर ओसरला. 2014 मध्ये अनेक जीवशास्त्रज्ञांनी विस्तारापूर्वी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करण्याची मागणी केली होती.