बंद खिडकीची खोली आणि क्षय

घरात क्षयाचा रुग्ण असला की त्याचं ताट, तांब्या, पेला आजही वेगळा काढतात. क्षय उष्ट्या पेल्यातून पसरत नाही. मग शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या चाळीत एकाच खोलीतली माणसं एकामागोमाग खोकू कशी लागायची?

क्षयाचा जंतू जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्येच दाखवला होता. तरी ‘क्षय घराण्यात असतो’ ही समजूत हटेना, कारण लागणीनंतर आजार दिसायला कधी महिने लागतात, कधी वर्षं. बाळपणी आईकडून लागण झालेली आणि रक्त पडायचं विसाव्या वर्षी! मग खापर शापावर, नाहीतर पूर्वजन्मीच्या पापावर. या खुळचट समजुतीने आजाऱ्याला आणखी लपवायला लावलं.

डॉक्टरांचा सगळा रोख थुंकीवर होता. पण वाळलेल्या थुंकीच्या धुळीतले बहुतेक कण जाड असतात, ते नाका-घशातच अडकतात. खरी वाट अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी 1934 मध्ये दाखवली. खोकताना उडालेला 0.1 मिलिमीटरपेक्षा मोठा थेंब काही सेकंदांत जमिनीवर पडतो. त्याहून बारीक थेंबातलं पाणी मात्र पडता पडताच उडून जातं आणि 1 ते 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुका गाभा हवेत उरतो, कधी आत एखाददुसरा जंतू घेऊन. इतक्या बारीक कणांचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो: व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी. 3 मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम पाव मिलिमीटर उतरतो. दीड मीटर उतरायला दीड तास, तोही हवा अगदी निश्चल असेल तर. प्रत्यक्षात अंगाच्या उबेने वर चढणारी हवासुद्धा त्याला उचलून धरते. खोकणारा उठून कामावर गेला तरी कण खोलीतच. आणि एवढा लहान कण श्वासनलिकेच्या चिकट अस्तराला चुकवून थेट वायुकोशात, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक पिशव्यांत, पोचतो. लागण तिथे होते.

10 फूट लांब, 10 फूट रुंद, 9 फूट उंच खोली घ्या: सुमारे 25 घनमीटर हवा. झोपलेला माणूस मिनिटाला साधारण 6 लिटर हवा घेतो, म्हणजे आठ तासांत जवळजवळ 3 घनमीटर. खोलीतल्या हवेचा आठवा-नववा हिस्सा एकट्याच्या छातीतून जातो, आणि वारं बाधेल म्हणून खिडकी बंद! तीच उघडी असती, तर खोलीत मावते तेवढी ताजी हवा मिसळत आत आल्यावर 100 कणांतले 37 उरले असते, तेवढीच आणखी आल्यावर 14.

1956 पासून मद्रासमध्ये काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषधं दिली गेली. घरी राहिलेल्यांच्या नातेवाइकांत क्षय जास्त आढळला नाही. औषध सुरू झालं की खोकल्यातले जंतू झपाट्याने घटतात. घरात व्हायची ती लागण बहुतेक निदानाआधीच्या महिन्यांतच होऊन गेलेली असते.