टिपकागदावरचे रक्त: घरी बोट टोचून नमुना देण्याची पार्श्वभूमी

घरीच बोट टोचायचे, रक्ताचे काही थेंब कागदावर किंवा लहान नळीत घ्यायचे आणि नमुना टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवायचा, ही पद्धत नवी वाटली तरी तिचे दुवे जुने आहेत. आपल्याकडे उंबऱ्यावर बोट टोचले जाऊ लागले ते हिवतापामुळे. १९५८ मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाल्यावर आरोग्य कर्मचारी ठरावीक दिवसांनी घरोघर फिरून तापाच्या रुग्णांची चौकशी करीत आणि काचपट्टीवर रक्तनमुना घेत. पूर्व विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात हे काम रात्री चाले, कारण त्या कृमीची सूक्ष्म पिल्ले रात्रीच मोठ्या संख्येने त्वचेजवळच्या रक्तात येतात.

काचपट्टीवर परजीवी डोळ्यांनी दिसतो. रक्तातले रासायनिक घटक मोजायचे तर थेंब प्रवासात टिकला पाहिजे. त्याचे उत्तर टिपकागदाने दिले. स्वीडनमधील लुंड येथे इवार बांग यांनी १९१३ च्या सुमारास कागदावर टिपलेल्या रक्तातील साखर मोजून दाखवली होती, तरी ही कल्पना घराघरांशी जोडली गेली ती अमेरिकेतील बफेलो येथे काम करणाऱ्या रॉबर्ट गथ्री यांच्यामुळे. त्यांचा एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता आणि पत्नीच्या भाचीला फिनाइलकीटोनूरिया हा आनुवंशिक विकार होता. या विकारात वेळेवर आहार बदलला तर मेंदूची हानी टळते, पण लघवीची तत्कालीन चाचणी तो फार उशिरा दाखवी. गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले थेंब जाड कागदावर वाळवून जिवाणूंच्या वाढीवरून निदान करण्याची रीत बसवली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६३ मध्ये ही तपासणी सक्तीची केली. वाळलेला ठिपका साध्या पाकिटातून जाऊ शकतो, हे त्यातून हजारो बाळांच्या बाबतीत सिद्ध झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच.

सुई रुग्णाच्या स्वतःच्या हाती दिली ती मधुमेहाने. १९६० च्या दशकात रक्तातील साखरेची पट्टी आली, १९७० च्या सुमारास ती वाचणारे यंत्र आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरी बोट टोचणे लाखो कुटुंबांच्या दिनक्रमात बसले.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते एचआयव्हीच्या काळात. ओळख उघड होण्याच्या धास्तीने माणसे तपासणी केंद्रावर जाणे टाळत, म्हणून घरी कागदावर थेंब घेऊन सांकेतिक क्रमांकासह पाठवण्याच्या संचांना अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. भारतात हाच कागद वेगळ्या गरजेसाठी कामी आला. एचआयव्हीबाधित मातेच्या बाळात आईची प्रतिपिंडे दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीच्या चाचणीवरून बाळाबद्दल निश्चित काही सांगता येत नाही. अशा बाळांच्या वाळवलेल्या रक्तातून थेट विषाणूचा अंश शोधता येतो, आणि नमुना दूरच्या केंद्रावरूनही बर्फाविना पाठवता येतो.

पुढे या थेंबाकडून अवास्तव अपेक्षा केल्या गेल्या. कॅलिफोर्नियातील थेरॅनोस कंपनीने बोटातल्या काही थेंबांवर शेकडो चाचण्या करण्याचा दावा केला. २०१५ मध्ये तो वृत्तपत्रांनी उघडा पाडला आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. तंत्राच्या खऱ्या मर्यादा मात्र साध्या आहेत. बोट जोरात पिळले तर ऊतींतील द्रव मिसळून रक्त पातळ होते, तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, आणि पुरता न वाळलेला कागद पाकिटात बंद केला तर नमुना खराब होतो. म्हणूनच, २०२० मध्ये कोविडच्या प्रतिपिंडांसाठी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये माणसांनी घरीच बोट टोचून नमुने दिले तेव्हाही, हात कोमट पाण्याने धुणे आणि बोट अलगद दाबणे या गोष्टींना महत्त्व होतेच.