खोट्या व्याख्येला मतं का मिळतात?

'शिवळ' म्हणजे काय? अर्थ माहीत असेल तर तुम्ही या फेरीतून बाद. नसेल तर पुढच्या पाचांपैकी एक निवडा.

पाण्याच्या कडेने दगडांवर धरणारा हिरवा, निसरडा थर. दोन गावांच्या हद्दीवरून चालत आलेलं भांडण. बैलाची मान जुवातून निसटू नये म्हणून जुवाच्या भोकात घालायची खुंटी. पहाटेची थंड, दमट झुळूक. उन्हाने रंग विटलेलं कापड.

शब्दकोशाचा खेळ खेळतात तो असा. एक जण कोश उघडून कुणालाच ठाऊक नसेल असा शब्द काढतो आणि तो सगळ्यांना सांगतो. बाकीचे आपापल्या चिठ्ठीवर त्या शब्दाची खरी वाटेल अशी व्याख्या रचून देतात. कोशवाला त्या चिठ्ठ्यांत खरी व्याख्या मिसळतो आणि सगळ्या एकाच आवाजात, एकाच गतीने वाचून दाखवतो. मग मतदान. खरी ओळखली तर गुण मिळतात, आपल्या थापेला पडलेल्या प्रत्येक मताचा गुण मिळतो, आणि कुणालाच खरी सापडली नाही तर कोशवाला खूश. इंग्रजी बोलणाऱ्या घरांत हा खेळ फार पूर्वीपासून कागद-पेन्सिलीवर चालत आला. 1965 मध्ये बीबीसीने याच कल्पनेवर 'कॉल माय ब्लफ' हा कार्यक्रम सुरू केला, आणि 1984 मध्ये कॅनडात लॉरा रॉबिन्सन व पॉल टॉयन यांनी 'बाल्डरडॅश' या नावाने तो खोक्यात घालून बाजारात आणला. खोकं नसलं तरी काही अडत नाही. जाडजूड कोश आणि चिठ्ठ्या पुरतात.

दिसायला हा शब्दसंपत्तीचा खेळ आहे, पण शब्दसंपत्तीचा इथे उपयोग जवळजवळ शून्य. शब्द येत असेल तर प्रामाणिक खेळाडू तसं सांगतो आणि शब्द बदलला जातो. म्हणजे प्रत्येक फेरी पूर्ण अज्ञानातच खेळली जाते. सहा जण असतील तर सहा व्याख्या होतात. स्वतःची वगळली की पाच उरतात, आणि डोळे मिटून मत दिलं तरी पाचात एकदा बरोबर येणार. तरीही मतं अशी सारखी विखुरत नाहीत. एखाद्या थापेवर तिघं एकदम तुटून पडतात आणि खरी व्याख्या कोपऱ्यात एकटी राहते. ज्याबद्दल काहीच माहिती नाही, त्याबद्दल तिघांचं एकमत होतं कशावर? मानसशास्त्राच्या दृष्टीने या खेळातला सगळ्यात चविष्ट प्रश्न हाच आहे.

शिवळ म्हणजे ती जुवातली खुंटी. बाकीच्या चार व्याख्या मी रचलेल्या, आणि त्यातल्या दोन अगदी ठरवून. शब्द कानावर पडू लागला की तो पुरा होण्याआधीच मेंदूत त्याच सुरुवातीचे ओळखीचे शब्द जागे होतात. विल्यम मार्सलेन-विल्सन या भाषामानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात ही कल्पना मांडली. शब्दातला पुढचा पुढचा ध्वनी ऐकू येतो तसतसे न जुळणारे उमेदवार गळत जातात आणि एक उरतो. शब्द ओळखीचा असेल तेव्हा ही सगळी गडबड आपल्याला जाणवतही नाही. अनोळखी असेल तेव्हा मात्र उरायला कुणीच नसतं, आणि जागे झालेले शेजारीच तिथे घोटाळत राहतात. 'शिवळ' ऐकताच 'शेवाळ' जवळ येतं, 'शीव' आणि 'शिवार'ही येतात. निसरडा थर पहिल्यावर उभा आहे, हद्दीचं भांडण दुसऱ्यावर. खेळात मुरलेले लोक नेमकं हेच करतात. नवा अर्थ शोधत बसण्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच जागा झालेला अर्थ त्याला परत करतात, आणि त्याला वाटतं की आपणच ओळखलं.

झुळुकीची गोष्ट वेगळी. तिला शेजारी शब्दाचा आधार नाही, नादाचा आहे. 1929 मध्ये वोल्फगांग क्योलर याने दोन आकृत्या, एक टोकदार आणि एक गोलसर, लोकांपुढे ठेवल्या आणि विचारलं, यातली 'तकेते' कोणती आणि 'बलुमा' कोणती? दोन्ही शब्द निरर्थक, तरी बहुतेकांनी टोकदार आकृतीला 'तकेते' म्हटलं. 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' या जोडीने हाच प्रयोग पुन्हा गाजवला. पुढे 25 भाषांच्या भाषकांवर केलेल्या चाचणीत सरासरी 72 टक्के जुळण्या अपेक्षेप्रमाणे आल्या. कानाचा हा कल बराच सार्वत्रिक आहे, पण सर्वत्र सारखा नाही. काही भाषांच्या गटांत तो दिसलाच नाही.

श, व, ळ हे तिन्ही ध्वनी मऊ आहेत. त्यांच्याशी झुळूक जुळते, खुंटी नाही. खुंटीला ख, ट, क असं काहीतरी कडक हवं असं कानाला वाटतं, आणि 'खुंटी', 'खिट्टी', 'खटका' हे शब्द त्या समजुतीला खतपाणी घालतात. पण भाषा कानाची समजूत पाळायला बांधलेली नाही. शब्दाचा नाद आणि त्याचा अर्थ यांची सांगड बहुतांशी रूढीने पडते, हे भाषाविज्ञानाचं एक मूलभूत निरीक्षण. म्हणून नादावरून केलेला अंदाज दोन आकृत्यांत निवड करताना चालतो, पण कोशातल्या आडवाटेच्या शब्दाशी गाठ पडली की हमखास तोंडघशी पाडतो.

आता व्याख्येतल्या तपशिलाकडे वळू. मी नुसतं 'झुळूक' न लिहिता 'पहाटेची थंड, दमट झुळूक' लिहिलं. तर्काने पाहिलं तर प्रत्येक विशेषणागणिक ती व्याख्या खरी असण्याची शक्यता कमी होत जाते, कारण झुळूक, पहाट, थंडी आणि दमटपणा हे सगळं एकत्र जुळायला हवं. पण मन उलट हिशेब करतं. 1983 मध्ये ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी लिंडा नावाच्या काल्पनिक बाईचं वर्णन लोकांना दिलं. तरतरीत, स्पष्टवक्ती, सामाजिक अन्यायाची चाड असलेली. मग विचारलं, ती बँकेत कारकून असण्याची शक्यता जास्त, की बँकेत कारकून आणि शिवाय स्त्रीवादी चळवळीत सक्रिय असण्याची? एका चाचणीत सुमारे 85 टक्के लोकांनी दुसरा पर्याय निवडला. दुसऱ्यात पहिला सामावलेला आहे, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा अधिक शक्य असूच शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

खेळातल्या थापेचं यश लिंडाच्या माथी मारायची पद्धत आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. कोश उघडून पाहा. खऱ्या व्याख्या खरोखरच तपशिलाने गच्च भरलेल्या असतात. वस्तू कोणत्या जातीची आणि त्या जातीतल्या इतरांहून वेगळी कशी, एवढं सांगणं हेच कोशकाराचं काम. 'बैलाची मान निसटू नये म्हणून' या शब्दांशिवाय शिवळ ही इतर कुठल्याही खुंटीसारखीच होईल. तेव्हा नेमका तपशील हा इथे थोडाफार खरेपणाचा पुरावाच आहे. गोम अशी की त्याची नक्कल करणं सोपं. उपयोग न सांगता विशेषणांची रांग लावणारी व्याख्या बहुधा कविमनाच्या खेळाडूची असते. काय कामी येतं ते सांगून थांबते तिच्याबद्दल दोनदा विचार करावा.

नवखे खेळाडू मात्र मजकुरापेक्षा चेहऱ्यांकडे बघतात. कोण ओठ दाबतंय, कोण मुद्दाम खिडकीबाहेर पाहतंय. खोटं बोलणारा नजर चुकवतो ही समजूत जगभर आहे. 75 देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ती ठळकपणे दिसली. पण तिच्यावर विसंबून फार काही साधत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये 24,000 हून अधिक लोकांचे निवाडे एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. त्यातही खरं बोलणं 61 टक्के वेळा खरं म्हणून ओळखलं गेलं आणि खोटं फक्त 47 टक्के वेळा पकडलं गेलं, कारण रोजच्या जगण्यात समोरच्याचं बोलणं खरं धरून चालण्याकडेच आपला ओढा असतो.

या खेळात तो ओढा चालत नाही. सहातल्या पाच व्याख्या खोट्या आहेत हे आधीच ठाऊक असतं. शिवाय सगळं एकाच तोंडून वाचलं जात असल्यामुळे लेखकाचा चेहरा, आवाज, अडखळणं हे सगळं गाळलं जातं. हातात उरतं ते फक्त वाक्य. म्हणून कोशवाल्याने चिठ्ठ्या आधी मनातल्या मनात वाचून घ्यायला हव्यात. अक्षर लागत नाही म्हणून तो एका व्याख्येवर अडखळला, की ती बिचारी गेली. सहज समजणारं विधान अधिक खरं वाटतं हा परिणाम प्रयोगांतही सापडला आहे. 1999 मध्ये रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्त्झ यांनी विधानं वेगवेगळ्या रंगांत दाखवली, तेव्हा पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसणारी विधानं फिकट दिसणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा खरी ठरवली गेली. मजकुराचा त्यात काही संबंध नव्हता.

हे सगळं एकत्र ठेवलं की खरी व्याख्या का हरते ते कळतं. थाप लिहिणारा ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. त्याच्या कानाला काय रुचेल, कोणता शब्द त्याला आठवेल, कितपत तपशील पचेल, हे तोलून. कोशकाराने कुणाला पटवायला म्हणून काही लिहिलेलंच नसतं. शब्दाला जो अर्थ वापरातून आणि योगायोगातून मिळाला, तो त्याने टिपलेला असतो, मग तो कितीही विचित्र वाटो. पटण्याच्या स्पर्धेत एक स्पर्धक तयारी करून आलेला आणि दुसऱ्याला स्पर्धा आहे हेच माहीत नाही.

कोशातली व्याख्या खरी असतेच, हा खेळाचा पाया मात्र पूर्णपणे भक्कम नाही. वेब्स्टरच्या मोठ्या कोशाच्या 1934 च्या आवृत्तीत 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला, अर्थ: घनता. मूळ चिठ्ठीवर 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी हे घनतेचं लघुरूप, असं लिहिलेलं होतं आणि अक्षरं जवळ आल्यामुळे तो एक शब्द समजला गेला. व्युत्पत्ती नसलेला हा शब्द 1939 मध्ये संपादकांच्या नजरेस पडला. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत तर 2001 मध्ये 'एस्क्विव्हॅलियन्स' हा शब्द मुद्दाम रचून घातला होता, आपला कोश कोण चोरतंय ते कळावं म्हणून. अर्थ दिला होता, अधिकृत जबाबदारी जाणूनबुजून टाळणं. माझं मत विचाराल तर थापेचा हा उत्तम नमुना आहे. असा शब्द असायलाच हवा होता असं वाटतं.

आता शेवटचा प्रश्न, जो शिक्षकांना पडतो. तासभर चुकीचे अर्थ ऐकून डोक्यात चुकीचंच बसणार नाही का? रोझलिंड पॉट्स आणि डेव्हिड शँक्स यांचं 2014 मधलं संशोधन इथे चपखल बसतं, कारण त्यांनी वापरले ते इंग्रजीतले अपरिचित शब्दच (काही प्रयोगांत परभाषेतले). काहींचे अर्थ सहभागींनी नुसते वाचले, काहींचे दिलेल्या पर्यायांतून निवडले, आणि काहींचे आधी स्वतः रचून सांगितले आणि मग खरा अर्थ पाहिला. रचलेले अर्थ जवळजवळ सगळे चूक होते. तरीही नंतरच्या चाचणीत त्याच शब्दांचे खरे अर्थ जास्त लक्षात राहिले, नुसत्या वाचलेल्यांपेक्षा आणि चुकीचा पर्याय निवडलेल्यांपेक्षाही. सहभागींना स्वतःला मात्र याचा पत्ता नव्हता. चुका करत शिकण्याची पद्धत त्यांनी सगळ्यात कुचकामी ठरवली होती. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी 2001 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्या चुकीवर माणसाचा ठाम विश्वास असतो, ती दुरुस्त केली की दुरुस्ती पक्की बसते. छातीठोकपणे 'शेवाळच ते!' म्हणणाऱ्याला शिवळ सहसा विसरता येत नाही.

थोडक्यात, व्याख्या रचण्यात फायदा आहे. दुसऱ्यांच्या थापा ऐकण्यात थोडी जोखीम आहे. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी 2005 मध्ये बहुपर्यायी प्रश्नांवर प्रयोग केले, त्यात बरोबर उत्तर न सांगता सोडलं तर चुकीचे पर्यायच काही जणांच्या डोक्यात उत्तर म्हणून राहिले. विधान पुन्हापुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे तर हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं. म्हणून मतदान संपताच खरी व्याख्या लगेच, मोठ्याने वाचावी, जमल्यास दोनदा. खोट्या पुन्हा उगाळू नयेत. हा दुसरा नियम कुठलाही गट पाळत नाही, कारण घरी जाताना सगळ्यांना आठवून हसायच्या असतात त्या थापाच.