यदया

म्यानमारमध्ये (ब्रह्मदेश) ग्रहदोष किंवा भाकीत झालेले संकट टाळण्यासाठी करावयाचा ज्योतिषी तोडगा. जे संकट येणार असे ज्योतिषी सांगतो त्याची आधीच नक्कल करावी, म्हणजे ते ‘फिटते’, ही यामागची प्रमुख कल्पना. पक्षी किंवा मासे सोडणे, बोधिवृक्षाला पाणी घालणे, त्याच्या फांद्यांना टेकू देणे अशी यदयाची घरगुती रूपे सर्रास आढळतात. देशाबाहेर मात्र हा विधी माहीत झाला तो राज्यकर्त्यांमुळे. नोटांच्या रकमा, वाहतुकीची बाजू, राजधानीचे स्थलांतर, ध्वजबदल, एका झुडपाची देशव्यापी लागवड अशा अनेक सरकारी कृती यदया म्हणून झाल्या, असे दावे केले जातात. या कृतींविषयी फारसा वाद नाही. त्यांमागील हेतूंविषयी मात्र जे सांगितले जाते ते बहुतांशी ऐकीव आहे.

मराठीत ‘तोडगा’ हा शब्द मांत्रिकाच्या उपायालाही चालतो आणि राजकीय तडजोडीलाही. यदयाला तोच प्रतिशब्द सर्वांत जवळचा. ‘उतारा’ हा शब्द तितका जुळत नाही, कारण उताऱ्यात पीडा उतरवून दुसरीकडे टाकली जाते, तर यदयात ती भोगून झाल्याचे दाखवले जाते.

व्युत्पत्ती : ब्रह्मी लेखनात हा शब्द ‘यत्रा’ असा लिहितात. ब्रह्मी भाषेत मूळ ‘र’चा उच्चार सामान्यतः ‘य’ होतो आणि दोन स्वरांमधला ‘त’ मृदू होतो, म्हणून ‘यदया’. हा शब्द भारतीय मूळचा आहे याबद्दल दुमत नाही. तो ‘यंत्र’वरून आला की ‘यात्रा’वरून, याबद्दल आहे. अर्थ पाहिला तर यंत्राकडे कल झुकतो. तांत्रिक यंत्रे, अंकांचे चौकोन आणि ताईत यांचा यदयाशी निकट संबंध आहे, आणि पुष्कळ संदर्भग्रंथांनी हीच व्युत्पत्ती स्वीकारली आहे. तिच्यात दोन अडचणी आहेत. यंत्रातील अनुनासिक ‘यत्रा’ या लेखनात नाही. आणि तोच शब्द ब्रह्मी भाषेत अनुनासिकासह ‘यन्तया’ असा स्वतंत्रपणे आलेला असून त्याचा अर्थ यंत्रसामग्री असा आहे. अंक किंवा अक्षरे भरलेल्या मांत्रिक आकृतीलाही ब्रह्मी भाषेत ‘इन्’ हा वेगळाच शब्द आहे.

यात्रा शब्दात ध्वनींची अडचण येत नाही, अर्थाची येते. मात्र संस्कृत ज्योतिषात यात्रा म्हणजे केवळ तीर्थाटन नव्हे. राजाने स्वारीसाठी केव्हा निघावे, अपशकुन झाल्यास कोणती शांती करावी, हे सांगणारा तो एक स्वतंत्र विभाग आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराचा ‘योगयात्रा’ हा ग्रंथ याच विषयावरचा. ब्रह्मी दरबारातील ज्योतिष भारतीय परंपरेतून आलेले असल्यामुळे ‘स्वारीपूर्वीची शांती’ या अर्थाकडून ‘तोडगा’ या अर्थाकडे शब्द सरकला असणे शक्य आहे. प्रस्तुत नोंदीत हे मत अधिक ग्राह्य धरले आहे. (याच यात्रेची मराठीत जत्रा झाली.) विधी करण्याला ‘यदया छे’ म्हणतात, यातील ‘छे’चा अर्थ निरसन करणे किंवा फेडणे असा आहे.

ज्योतिषी बैठक : ब्रह्मी ज्योतिषाला ‘बेदिन’ म्हणतात, हा शब्द वेदांगवरून आला आहे. लोकांत प्रचलित असलेल्या पद्धतीचे नाव ‘महाबोट’ (पाली महाभूत). इ. स. ६३८ पासून मोजल्या जाणाऱ्या ब्रह्मी शकाच्या वर्षाला सातने भागून उरलेली बाकी आणि जन्मवार यांवरून तीत माणसाचे स्थान ठरवतात. वार आठ धरतात, कारण बुधवारचे दोन भाग करून उत्तरार्ध राहूला दिलेला आहे. प्रत्येक वाराला दिशा, ग्रह व प्राणी असतो : सोमवारला वाघ, मंगळवारला सिंह, गुरुवारला उंदीर, शनिवारला नाग. पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वाराला अक्षरेही असतात. क-वर्ग सोमवारचा, च-वर्ग मंगळवारचा, त-वर्ग शनिवारचा, प-वर्ग गुरुवारचा. मुलाचे नाव जन्मवाराच्या अक्षरावरून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे अवकहडा चक्रात नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर ठरते. तेथे ते वारावरून ठरते. त्यामुळे कोणत्याही नावाचे वारांत रूपांतर करता येते आणि दोन नावे एकमेकांस पूरक किंवा मारक ठरवता येतात. नऊ या अंकाचे माहात्म्य नवग्रह, बुद्धाचे नऊ गुण आणि ‘नऊ देवां’ची पूजा यांच्याशी जोडलेले आहे.

राजदरबारात ‘पुन्ना’ म्हणजे ब्राह्मण ज्योतिषी असत. त्यांत मणिपूरहून आलेल्या घराण्यांचा भरणा होता. मिंडोन राजाने १८५७ मध्ये मंडाले वसवले तेव्हाचे मुहूर्त त्यांनीच काढले. थिबा राजाच्या कारकीर्दीत, १८८० मध्ये, राजवाड्यावरील अरिष्ट टळावे म्हणून नगराच्या कोपऱ्यांत माणसे जिवंत पुरणार आहेत अशी अफवा मंडालेत उठली आणि लोकांनी शहर सोडण्यास सुरुवात केली. इंग्रजी वृत्तपत्रांनी ती उचलून धरली. असे बळी दिल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. थिबा हा रानटी राजा आहे हे ठसवण्यास मात्र अशा बातम्यांचा चांगलाच उपयोग झाला, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केले; १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाले. पुढे तो रत्नागिरीत १९१६ मध्ये मरण पावेपर्यंत नजरकैदेत होता. त्याचा तेथील राजवाडा मराठी वाचकांना परिचित आहे. राज्यकर्त्यांच्या गूढविद्येविषयीचा दावा हेच राजकीय हत्यार होऊ शकते, याचे हे ब्रह्मदेशातील ठळक जुने उदाहरण होय. डिसेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष तेन सेन यांनी थिबाच्या रत्नागिरीतील समाधीला भेट दिली.

स्वातंत्र्यानंतर : देश स्वतंत्र झाला तो ४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी. ही वेळ ज्योतिष्यांनी काढून दिली होती आणि ते कोणी लपवलेही नाही. पंतप्रधान ऊ नू यांची श्रद्धा उघड होती. त्यांच्या सरकारने १९६१ मध्ये संकटनिवारणासाठी देशभर सुमारे ६०,००० वाळूचे स्तूप उभारवले. येथे हेतूचा तर्क करावा लागत नाही. गोपनीयता आली ती २ मार्च १९६२ च्या लष्करी उठावानंतर, आणि तिच्याबरोबर आख्यायिका वाढल्या. आपल्यावर गोळी झाडली जाणार हे भाकीत फेडण्यासाठी या उठावाने सत्तेवर आलेले जनरल ने विन यांनी आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावर गोळी झाडली, ही कथा यदयाची रीत समजावण्यासाठी उत्तम आहे. तिचा प्रत्यक्ष साक्षीदार मात्र पुढे आलेला नाही.

डिसेंबर १९७० मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेण्यात आली. ज्योतिषाच्या सल्ल्याने, स्वप्नातील दृष्टान्ताने, वसाहतकालीन चिन्ह पुसण्यासाठी, अशी तिन्ही कारणे सांगितली जातात. जगातील इतर काही माजी वसाहतींनीही बाजू बदलली असल्याने तिसरे कारण पुरेसे वाटते. (गाड्यांचे चालकचक्र मात्र पुढे कित्येक दशके बहुधा उजवीकडेच राहिले आणि बसमधील उतारू रस्त्याच्या मध्यभागी उतरत राहिले.)

नोटांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ३ नोव्हेंबर १९८५ रोजी ५० व १०० च्यातच्या (च्यात हे ब्रह्मी चलन) नोटा रद्द झाल्या. त्या मर्यादित प्रमाणात बदलून मिळाल्या. १० नोव्हेंबरला ७५ ची नोट आली, ऑगस्ट १९८६ मध्ये १५ व ३५ च्या आल्या. ५ सप्टेंबर १९८७ रोजी २५, ३५ व ७५ च्या नोटा कोणताही मोबदला न देता रद्द करण्यात आल्या आणि २२ सप्टेंबरला ४५ व ९० च्या नोटा निघाल्या. चलनाचा बराच मोठा भाग एका दिवसात कागद ठरला. भारतातील २०१६ च्या नोटाबंदीत निदान बँकेत भरणा करण्याची मुदत होती; येथे तीही नव्हती. पुढील वर्षीच्या जनउठावाच्या कारणांत हे एक प्रमुख मानतात. ४५ व ९० या दोन्ही संख्या नऊने भागतात आणि त्यांच्या अंकांची बेरीजही नऊ येते. नऊ हा ने विन यांचा शुभांक होता, हे स्पष्टीकरण जवळपास सर्वत्र दिलेले असते आणि अशा अडनिड्या रकमांना दुसरे पटण्याजोगे कारण सुचवणे कठीण आहे. ७५ ची नोट त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघाली, हे विधान मात्र तितके पक्के नाही. जन्मसाल कुणी १९१० देतात, कुणी १९११. दुसरे धरल्यास नोट निघाली तेव्हा त्यांना ७४ वर्षे पूर्ण होऊन ७५ वे चालू होते.

यानंतर नऊ शोधण्याची सवयच लागली. १८ सप्टेंबर १९८८ च्या लष्करी सत्ताग्रहणात एक अधिक आठ नऊ आणि महिनाही नववा. २७ मे १९९० च्या निवडणुकीत दोन अधिक सात नऊ. सशस्त्र सेना दिनाच्या २७ मार्चचाही दाखला देतात, पण ती तारीख १९४५ मधील जपानविरोधी उठावाची आहे. कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत गेल्यास सरासरी नवांतून एकदा नऊ येतात. दिवस, महिना, आठवडा यांतून सोयीचा आकडा निवडण्याची मुभा असेल तर त्याहून बरेचदा येतात. विरोधकांनीही जनउठावासाठी अंकांची निवड केली होती : ८-८-८८, म्हणजे ८ ऑगस्ट १९८८.

चेत्सू लागवड : मोगली एरंडाला (जट्रोफा) ब्रह्मी भाषेत ‘चेत्सू’ म्हणतात. लष्करशहा तान श्वे यांच्या आदेशाने २००५ च्या अखेरीपासून त्याची देशव्यापी लागवड सुरू झाली. तीन वर्षांत ८० लाख एकर, प्रत्येक राज्य व विभागाच्या वाट्याला किमान पाच लाख एकर, असे लक्ष्य होते. अधिकृत हेतू जैव डिझेल हा होता. लोकांनी लावलेला अर्थ असा : लोकशाहीवादी विरोधी नेत्या आंग सान सू ची यांचे ‘सू ची’ हे नाव उच्चारात स-च असले तरी लेखनात ‘सू’चे अक्षर च-वर्गातील व ‘ची’चे क-वर्गातील आहे, म्हणजे मंगळवार-सोमवार. ‘चेत्सू’चे लेखन क-वर्गाने सुरू होऊन च-वर्गात जाते, म्हणजे सोमवार-मंगळवार. आंग सान सू ची यांच्या नावाचा हा उलटा पाढा देशभर पेरला की त्यांचे बळ निष्प्रभ होते. युक्तिवाद ज्योतिषाच्या नियमांत चोख बसतो. पण त्याच सुमारास भारतातही मोगली एरंडाच्या लागवडीची मोहीम जोरात होती, महाराष्ट्रातही ती झाली, आणि तिच्यामागे कोणाच्या नावाची अक्षरे नव्हती. तेलाच्या चढत्या किमती हे साधे कारण दोन्ही देशांना लागू पडते. शेतकऱ्यांवरील सक्ती व योजनेचे अपयश या बाजू गूढार्थाच्या चर्चेत सहसा मागे पडतात.

राजधानी यांगोनहून सुमारे ३२० किमी. उत्तरेस नेपिडो येथे हलवण्याचा पहिला ताफा ६ नोव्हेंबर २००५ रोजी सकाळी ६ वाजून ३७ मिनिटांनी निघाला. एवढी नेमकी वेळ मुहूर्ताशिवाय असत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. ११ नोव्हेंबरला ११ वाजता १,१०० ट्रक निघाल्याचे वृत्तही प्रसिद्ध आहे. सागरी हल्ल्याची भीती, बंडखोर प्रदेशांवरील पकड आणि राजांप्रमाणे नवी नगरी वसवण्याची हौस ही कारणेही दिली जातात. ती मुहूर्ताशी विसंगत नाहीत. २१ ऑक्टोबर २०१० च्या ध्वजबदलात जुना ध्वज मंगळवारी जन्मलेल्याने उतरवावा व नवा बुधवारी जन्मलेल्याने चढवावा, असा आदेश असल्याचे वृत्त होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये संघराज्य दिनाच्या समारंभात तान श्वे व इतर सेनानी लाटांच्या नक्षीच्या ‘अचेइक’ लुंग्या नेसून आले. हे वस्त्र आज स्त्रियांचे समजले जाते. देशावर स्त्रीची सत्ता येईल हे भाकीत फेडण्यासाठी त्यांनी स्त्रीवेश घेतला, असा अर्थ परदेशी वृत्तपत्रांतही छापून आला. राजदरबारात पुरुषही ही नक्षी वापरत, त्यामुळे राजवेशाची नक्कल हा अर्थही तितकाच संभवतो.

मूल्यमापन : काही अभ्यासक यदयाला सत्तेचे देशी व्याकरण मानतात, तर काहींच्या मते ही परदेशी पत्रकारांची चमत्कृतीची आवड आहे. दोन्ही मतांत वृत्तपत्रांवरील पूर्वतपासणीचा विचार कमी पडतो. ऑगस्ट २०१२ पर्यंत ती चालू होती. निर्णयाचे कारण सांगितलेच जात नसेल तर ज्योतिष हे लोकांना उपलब्ध असलेले एकमेव स्पष्टीकरण उरते. शिवाय हुकूमशहाला भित्रा ठरवण्याची सोयही त्यात होते.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ही भाषा लोकांनीच उघडपणे वापरली. स्त्रियांच्या लुंगीखालून गेल्यास पुरुषाचे तेज (‘भुन्’) नष्ट होते या समजुतीचा फायदा घेऊन मार्च २०२१ मध्ये आंदोलकांनी रस्त्यांवर आडव्या दोऱ्या बांधून लुंग्या वाळत घातल्या. त्या काढल्याशिवाय शिपाई पुढे सरकेनात. तत्कालीन सेनाप्रमुख मिन आंग लाइंग यांच्या पुढाकाराने नेपिडोत उभारलेल्या मारविजय बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना १ ऑगस्ट २०२३ रोजी झाली. मूर्ती ६३ फूट, आसन १८ फूट, एकूण उंची ८१ फूट. तिन्ही आकड्यांत नऊ दिसतो. मात्र पहिले दोन नऊच्या पटीत असले की तिसरा आपोआपच तसा येतो, त्यामुळे तो वेगळा पुरावा म्हणून मोजता येत नाही.