खाकी म्हणजे नक्की कुठली? छोट्या सैनिकांच्या छंदामागची गोष्ट

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज वर, मावळे पायऱ्यांवर आणि अगदी तळाला गुहेपाशी बंदूक रोखलेला हिरवा प्लास्टिकचा सैनिक, हे आपण सगळ्यांनीच केलंय, ते सांगत बसत नाही. सोलापुरात तो हिरवा सैनिक यायचा गड्ड्यावरून, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या सिद्धेश्वर जत्रेतून. होम मैदानावर पाळण्यांच्या मागे खेळण्यांचे स्टॉल, एका पिशवीत पंधरा-वीस नग, त्यात चारच साचे उलटसुलट, आणि जानेवारीत घेतलेला दिवाळीपर्यंत टिकला तरच किल्ल्यावर चढायचा. असे छोटे सैनिक जमवायचा आणि रंगवायचा माझा छंद तिथूनच सुरू झाला, पण तो पहिल्या महायुद्धाच्या फौजांवर का अडकला याला कारण एकच, खाकी. त्यावर येतोच.

मागचा इतिहास थोडक्यात. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या बाजूला कथलाचे चपटे सैनिक अठराव्या शतकापासून ओतले जात होते. खरा बदल १८९३ चा, लंडनमधल्या एका खेळणीवाल्या घराण्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली, म्हणजे शिशाचा रस साच्यात ओतायचा, बाहेरचा थर गोठला की आतला उरलेला रस परत ओतून घ्यायचा. शिसं कमी लागलं, सैनिक हलका आणि स्वस्त झाला, आणि ५४ मिलिमीटर ही उंची तेव्हापासून जी बसली ती आजपर्यंत. त्यांच्या जुन्या सेटमध्ये मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री, बंगाल कॅव्हलरी असे आपले लोकही होते, पण परेडच्या झगमगीत कपड्यात. जर्मनांनी पुढे लाकडाचा भुसा आणि सरस कालवून आत तार घालून सैनिक केले. १९६० च्या आसपास १:७२ चे प्लास्टिकचे आले, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस २४ मिलिमीटरचा, अंगठ्याच्या पेराएवढा. १९६६ नंतर ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी बंदच झाली आणि शिसं खेळण्यातून उठून थेट कलेक्टरच्या कपाटात गेलं.

आता १९०० ते १९१८ हाच काळ का, तर रंगवणाऱ्याला याच्याइतका मजेदार काळ दुसरा नाही. सुरुवातीला सगळे नवरदेवासारखे नटलेले आणि वीस वर्षात सगळे मातीच्या रंगाचे. ब्रिटिशांची घरच्या फौजेची खाकी १९०२ ला, जर्मनांचा फेल्डग्राऊ, म्हणजे हिरवट करडा, १९१० ला पक्का झाला, इटलीचा करडा-हिरवा १९०९ चा. फ्रेंच तेवढे अडून बसले आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये लाल पॅन्ट घालून लढाईला गेले. त्यांची गोष्ट सोलापूरकराला लगेच कळते. नवीन कापड निळं, पांढरं आणि लाल सूत मिसळून विणायचं ठरलं होतं, पण लाल रंग जर्मनीहून यायचा, युद्ध लागलं तसा तो बंद, मग लाल वगळून निळं-पांढरंच विणलं आणि जो आभाळी रंग झाला तोच पुढे त्यांची ओळख झाला. रंगाचा माल आला नाही म्हणून डिझाईन बदललं, हे आपल्या चादरवाल्यांना नवीन नाही. ब्रिटिशांचंही तेच, १९१४ ला नवीन भरती एवढी झाली की खाकी कापड पुरेना आणि हजारो पोरांना निळ्या सर्जच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, कपड्यात कवायत करायला लावली.

तर खाकी. हा शब्द आपल्याकडचाच, खाक म्हणजे धूळ. १८४६ ला पेशावरला उभ्या राहिलेल्या एका पलटणीने पांढरे कपडे तिथेच मिळेल त्या रंगात बुडवून मळकट केले, ही नेहमीची सुरुवात. कानडी बाजूचे लोक मात्र ठासून सांगतात की खाकी मंगळूरच्या मिशनच्या विणकाम कारखान्यात १८५० च्या सुमारास झाली. मला विचाराल तर दोन्ही खरं असू शकतं, कारण धुळीचा रंग शोधायला कुणाची परवानगी लागत नाही. अडचण होती ती रंग टिकण्याची. हे सगळे रंग कच्चे, दोन धुण्यात एकाच पलटणीत दहा शेड. १८८४ मध्ये मँचेस्टरच्या बाजूला क्रोम आणि लोखंडाच्या क्षारांपासून पक्क्या खाकीचं पेटंट निघालं आणि मग १८८५ पासून हिंदुस्थानी फौजेत, १८९७ पासून देशाबाहेरच्या सगळ्या ब्रिटिश फौजेत खाकी आली.

इथवर ठीक, भांडण पुढे आहे. हिंदुस्थानातली खाकी ड्रिलची, म्हणजे जाड सुती कापडाची, पिवळसर, उन्हात आणखी फिकी होणारी. १९०२ ची ब्रिटिश खाकी लोकरीच्या सर्जची, जवळजवळ शेवाळी तपकिरी. दोन्हीला नाव एकच. आणि रंगाच्या बाटलीवर नुसतं खाकी लिहिलेलं असतं, म्हणून जगभरचे लोक दोन्ही शिपाई एकाच बाटलीतून रंगवतात, कित्येक वर्षं तेच चाललंय आणि ते चूकच आहे. सप्टेंबर १९१४ च्या शेवटी मार्सेलच्या बंदरात उतरलेले आपले शिपाई सुती कपड्यात होते, थंडी तोंडावर, लोकरीचे कपडे नंतर मिळाले. त्यांना पहिल्याच दिवशी जाड तपकिरी रंग फासला की ती थंडीची गोष्टच पुसली जाते. आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण अडकली होती, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, त्या शिपायांचे कपडे तर पाच महिन्यांच्या वेढ्यात काय रंगाचे उरले असतील विचार करा.

मी एकदा बाटलीतल्या खाकीने रंगवलेला शिपाई घेऊन पूर्व भागात ओळखीच्या डाइंगवर गेलो. तिथल्या मामांची चाळीस वर्षं सूत रंगवण्यात गेलीत. त्यांनी ट्यूबखाली बघितला आणि म्हणाले, "हितं सगळंच खाकी दिसतंय बे, भायेर उन्हात चल." उन्हात धरून विचारलं, "कुठली पायजे? पोलिसाची, एसटीची का शाळेच्या चड्डीची?" मग आतून सुताचे चार तुकडे आणून शिपायाच्या पाठीला लावून दाखवले, माझा रंग त्यातल्या एकाशीही जुळेना. म्हणाले हा बदामी आहे, खाकीत हिरव्याची चिमूट पाहिजे. तेव्हापासून मी बाटलीवरचं नाव वाचत नाही.

सोलापुरात खाकीला दुसरीही बाजू आहे. मे १९३० ला इथे मार्शल लॉ लागला, जून संपेपर्यंत शहर लष्कराच्या हातात होतं, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्याला फाशी झाली. त्यांचा चार हुतात्मा चौक तर रोज ओलांडतो आपण, आणि त्यांचा दिवस येतो नेमका गड्ड्याच्याच दिवसात. आमच्या छंदवाल्यांतल्या एकाने १९३० चा गोरा सोल्जर रंगवायला घेतला तर दुसऱ्याने चहा टाकून उठून जाणं पसंत केलं. मला वाटतं करावा, पण एकटा नको, समोर माणसं पण पाहिजेत, आणि गिरणी कामगाराची फिगर कुठली कंपनी काढणार?

गेल्या काही वर्षांत थ्रीडी प्रिंटरमुळे यावर उपाय निघतोय. पूर्वी बाहेरून मागवलेल्या पार्सलमध्ये निम्म्या रायफली मोडून यायच्या आणि कस्टमचा भुर्दंड वेगळा, आता फाईल घ्या, रेझिनमध्ये काढा, पगडीची बांधणी चुकली तर कॉम्प्युटरवर दुरुस्त करा. महायुद्धाची शंभरी २०१४ ते २०१८ मध्ये झाली, तेव्हापासून हिंदुस्थानी शिपाई बघायला तरी मिळतात. गड्ड्यावरचे प्लास्टिकचे मात्र रंगवायला जाऊ नका, ते पॉलिथीन वाकतं आणि रंग पापुद्रे सुटून येतो. रंगवायचेच असतील तर आधी साबणाने धुवा आणि प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारं अस्तर, मारा.

माझे ११० वीचे आठ शिपाई सध्या प्रायमरवर उभे आहेत. मामांनी दिलेला सुताचा तुकडा पहिल्याच्या बेसला चिकटवलाय, खिडकीत ठेवून बघतोय किती फिका होतो, त्यावर शेड ठरवेन.