आर्य समाजातला ‘समाज’ : शब्दाची पार्श्वभूमी

हिंदीत धार्मिक संस्थेच्या नावात ‘समाज’ येतो, तो मूळचा संस्कृत शब्द. सम् हा उपसर्ग आणि अज् म्हणजे हाकणे, चालवणे हा धातू. पाणिनीच्या नियमाने यातून दोन रूपे निघतात आणि अमरकोश ती वेगळी ठेवतो: जनावरांच्या कळपाला ‘समज’, इतरांच्या समूहाला ‘समाज’. (मराठीतली समज, म्हणजे आकलन, हिचा या ‘समज’शी संबंध नाही.)

जुन्या ग्रंथांतला समाज मात्र संस्था नव्हे. तो ठरल्या दिवशी भरणारा मेळावा. कामसूत्रात पंधरवड्याने किंवा महिन्याने सरस्वतीच्या देवळात भरणारा समाज आहे. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात अशोक ‘न च समाजो कतव्यो’ (समाज भरवू नये) असे बजावतो आणि लगेच, काही समाज चांगलेही असतात, अशी पुस्ती जोडतो. इथे आजचा अर्थ लावला की राजाने समाजालाच बंदी घातली, असे भलतेच वाचन होते. त्याचा रोख उत्सवी मेळाव्यांवर आहे.

मेळाव्याची संस्था झाली ती बंगालमध्ये. २० ऑगस्ट १८२८ रोजी राममोहन रॉय यांनी कलकत्त्यात सुरू केली ती ब्राह्मसभा, म्हणजे पुढचा ब्राह्म समाज. लोक उपासनेला येत आणि घरी जात, नावनोंदणी नव्हती. डिसेंबर १८४३ मध्ये देवेंद्रनाथ ठाकूर यांनी सहकाऱ्यांसह प्रतिज्ञापूर्वक दीक्षा घेतली, तेव्हा आत कोण आणि बाहेर कोण हे ठरले. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातले खरे वळण हेच. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईत येऊन गेले आणि १८६७ मध्ये इथे प्रार्थना समाज उभा राहिला. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, त्याचे विचार निराळे असले तरी नावाचा साचा तोच.

दयानंद सरस्वती १८७२च्या अखेरीस कलकत्त्याला गेले, ब्राह्म मंडळींना भेटले आणि त्यानंतर संस्कृतऐवजी हिंदीत बोलू लागले. १८७५च्या एप्रिलमध्ये गिरगावात त्यांनी आर्य समाज स्थापन केला. मुंबईत ठरलेले त्याचे २८ नियम १८७७ मध्ये लाहोरला १० वर आले. हिंदी मुलखात शब्द रुजला तो या घडणीमुळे: सभासदाने उत्पन्नाचा शतांश द्यायचा, आठवड्याला सत्संग, कारभाराला प्रधान, मंत्री, कोषाध्यक्ष आणि अंतरंग सभा (कार्यकारी समिती), वर प्रांताची प्रतिनिधी सभा. म्हणून तिकडे ‘आर्य समाज’ म्हणजे कधी सारी चळवळ, तर कधी गावातली एक शाखा किंवा तिची इमारत. जुने हिंदी कागद वाचताना हे आधी पाहावे.